बछेऱ्याला पायबंद आणि पिछाडीची सवय: आधी पाय शिकवा, मग दोर बांधा

अनेक तबेल्यांत बछेऱ्याला पायबंद शिकवायची एकच रीत चालते. दोघांनी म्होरकी (डोक्याला घातलेला पट्टा) धरायची, तिसऱ्याने पुढचे दोन्ही पाय बांधायचे आणि सगळ्यांनी बाजूला सरायचं. बछेरा उसळतो, तोंडावर येतो, उठतो, पुन्हा पडतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी घामाने निथळत उभा राहतो. मग ‘आला वळणावर’ म्हणत दोर सोडतात. खरं तर तो शिकलेला नसतो, दमलेला असतो. पुढच्या वेळी नालबंदाने पाय धरला की हाच बछेरा दुगाण्या झाडतो आणि दोष मात्र त्याच्या स्वभावावर जातो.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. पायाला ओढ लागली की झटका द्यायचा नाही, पाय ओढीच्या दिशेने सैल सोडायचा, एवढी एकच गोष्ट बछेऱ्याला बांधण्याआधी यायला हवी. ती आली असेल तर पायबंदाचा पहिला दिवस बघणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो. तसाच तो वाटायला हवा. हीच सवय पुढे काटेरी तारेत पाय अडकला तर कामी येते. जो घोडा थांबून उभा राहतो त्याचा पाय सुटतो. जो ओढत राहतो त्याची कातडी हाडापर्यंत सोलून निघते.

पायबंद पहिल्यांदा घालेपर्यंतचा खालचा क्रम साधारण चार ते सहा आठवड्यांचा आहे. रोज एकदा, पंधरा मिनिटांच्या आत, आणि आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टीनंतर बछेरा विसरत नाही, उलट बरेचदा अधिक स्थिर येतो.

कोणाला सुरू करायचं, कोणाला थांबवायचं

पहिल्या वर्षात शिंगराला फक्त हात लावणं, पाय उचलणं आणि दोन पावलं मागे सरणं एवढंच. साधारण वर्षाचा झाल्यावर पायरी १ ते ४ घेता येतात, त्याही हलक्या हाताने. दोन्ही पाय एकत्र बांधणं म्हणजे खरा पायबंद, तो दोन वर्षांच्या आत नको. पुढच्या गुडघ्याच्या लगेच वर जिथे हाडाची वाढ होते तो भाग पक्का व्हायला दोन ते अडीच वर्षं लागतात. त्याआधीच्या धडपडीत त्याला बसलेला पीळ वरून दिसत नाही, पण घोडा पुढे आयुष्यभर त्याची किंमत मोजतो.

लंगडणारा, पायाला सूज असलेला, नुकताच तापातून उठलेला बछेरा आणि शेवटच्या महिन्यांतली गाभण घोडी यांना थांबवा. सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारातून आणलेल्या जनावराला निदान दोन आठवडे नुसतं खाऊ-पिऊ द्या, खरारा करा आणि चालवा. या दिवसांत खुराच्या वरचा निमुळता भाग चारही पायांवर नीट पाहा. तिथे पांढऱ्या केसांचं कडं किंवा केस न उगवलेला पट्टा दिसला तर दोर कधीतरी खोल कापलेला आहे. असा घोडा ‘शिकलेला’ म्हणून विकला जातो, पण त्याला पायरी १ पासूनच घ्यावं लागतं आणि नवख्या बछेऱ्यापेक्षा दुप्पट वेळ द्यावा लागतो.

धनुर्वाताची लस झाली आहे का, हे विचारून घ्या. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि त्यासाठी पायावरची लहानशी जखमही पुरते.

तपासा: बछेरा सैल दोराने सोबत चालतो का? थांबतो का? नाकावरच्या हलक्या दाबाने तीन पावलं मागे जातो का? चारही पाय प्रत्येकी एक मिनिट हातात देतो का? यातलं एकही ‘नाही’ असेल तर आधी तेच शिकवा. डोकं हातात नसलेल्या घोड्याच्या पायाला दोर लावू नका.

साहित्य

- म्होरकी: चपटी, सुती किंवा चामड्याची. नाकावर साखळी नको.
- धरायचा दोर: सुती, साधारण साडेतीन मीटर.
- कामाचा दोर: मऊ सुती, १८ ते २० मिलिमीटर जाड, सात ते आठ मीटर लांब. नवा असेल तर दोनदा धुऊन, पिळून, उन्हात वाळवून मऊ करा.
- पायबंद: रुंदी किमान पाच सेंटिमीटर, चामड्याचा असेल तर आतून नमदा (दाबून केलेलं लोकरी कापड) किंवा जाड लोकर. पायांत बसणाऱ्या दोन्ही कड्यांमधला पट्टा २० ते २५ सेंटिमीटर. बक्कल पायाच्या बाहेरच्या अंगाला यावं. आत आलं तर ते दुसऱ्या पायावर आपटत राहतं.
- काठी: चार फुटी बांबू, टोकाला जुनं कापड घट्ट गुंडाळलेलं.
- चाकू: धारदार, म्यानात, कमरेला. खिशात किंवा कुंपणावर ठेवलेला चाकू वेळेला सापडत नाही.
- हातमोजे, टाच झाकणारे बूट, डोक्यावर हेल्मेट.

नायलॉनची दोरी या कामात कुठेच नको. ती पातळ असते, कातडीत रुतते आणि घासली की तापून भाजते. वीटभट्टीवरच्या गाढवांच्या पुढच्या पायांवर दिसणाऱ्या गोल जखमा बहुतेक अशाच दोरीच्या असतात. सुंभ आणि काथ्या खरखरीत म्हणून बाद. जुन्या टायरच्या ट्यूबचे पट्टे काही जण वापरतात. ते ताणतात म्हणून सुरक्षित वाटतात, पण घामाखाली कातडी सडवतात आणि ताणून सुटले की सटकन बसतात.

गाठीबद्दल एकच नियम. घोड्याच्या कुठल्याही दोराला निरगाठ नको. सुरगाठ मारा, तिचं मोकळं टोक तुमच्या बाजूला असू द्या आणि ताण असताना ती एका झटक्यात सुटते का हे खांबावर दहा वेळा करून पाहा. घोडा खाली पडलेला असताना गाठ शिकायला वेळ नसतो.

जागा, वेळ आणि माणसं

दहा-बारा मीटर लांब-रुंद, कुंपण केलेली जागा. खाली आठ-दहा सेंटिमीटर भुसभुशीत माती किंवा वाळू. फरशी, सिमेंट आणि कडक मुरूम चालणार नाही, कारण पडला तर गुडघे तिथेच फुटतात. दगड, तार, पाण्याची टाकी, गव्हाण, बैलगाडी असं काही आत नको. एखादा शांत घोडा नजरेच्या टप्प्यात बांधून ठेवा. एकट्या पडलेल्या बछेऱ्याचं निम्मं लक्ष सोबत शोधण्यातच जातं.

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरका. आधी पंधरा-वीस मिनिटं चालवून अंगातली रग जाऊ द्या. दमवून आणू नका. दमलेला घोडा विरोध करत नाही आणि शिकतही नाही. चंदी (दाण्याचा खुराक) खाल्ल्यावर तासभर थांबा, अगदी उपाशीही आणू नका.

माणसं दोन, जास्त नकोत. एक डोक्याशी, एक पायाशी, आणि दोघेही नेहमी घोड्याच्या एकाच अंगाला. दोघे दोन बाजूंना असले की एकापासून बुजलेला घोडा दुसऱ्याच्या अंगावर जातो. बघे लोक कुंपणाबाहेर, मोबाइलसकट.

सावधान: दोर हाताला, मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नका. घड्या करून तळहातावर धरा. दोर जाऊ देता आला पाहिजे.

गप्प उभा आणि शांत उभा

सगळी गफलत इथे होते, म्हणून पायऱ्यांच्या आधीच हे पाहून घ्या.

शांत घोड्याची मान खांद्याच्या पातळीला किंवा खाली असते, एक कान तुमच्याकडे आणि दुसरा कुठेतरी फिरत असतो, शेपूट सैल असते, तो पापणी मिटतो, अधूनमधून लांब श्वास सोडतो. गप्प घोडाही हलत नाही, पण त्याची मान वर ताठ असते, दोन्ही कान एकाच जागी खिळलेले असतात, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ घट्ट, शेपूट पुठ्ठ्याला (मागच्या अंगाला) दाबलेली, कधी डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. हा घोडा सहन करतोय आणि कधी फुटेल ते सांगता येत नाही.

शंका आली तर त्याला एक पाऊल पुढे यायला सांगा. शांत घोडा येतो. गप्प घोडा एकतर जागचा हलत नाही किंवा एकदम उसळतो. मात्र ही परीक्षा पाय बांधण्याआधी घ्यायची, नंतर नाही.

नाडीचाही उपयोग करा. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं टेकवली की ती लागते. मोठ्या घोड्याची विश्रांतीची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, तरुण जनावराची थोडी जास्त. तुमच्या बछेऱ्याची तीन दिवस सकाळी मोजून लिहून ठेवा. धडा संपल्यावर दहा मिनिटांत ती जवळपास त्याच आकड्यावर आली नाही, तर त्या दिवशी तुम्ही जास्त मागितलं. गाढव आणि खेचर यांच्या बाबतीत तर नाडीवरच जास्त भरवसा ठेवा, कारण ती भीती लपवण्यात घोड्यापेक्षा पुढे असतात.

पायरी १: पायांना स्पर्शाची सवय (३ ते ५ दिवस)

कापड गुंडाळलेली काठी खांद्यापासून सुरू करून पुढच्या पायावरून खाली खुरापर्यंत न्या. मग पोट, मांडी आणि मागच्या पायाच्या आतून-बाहेरून. काठी वापरायचं कारण सरळ आहे. लाथ आली तर ती बांबूला लागेल.

बछेऱ्याने पाय झटकला तरी काठी काढू नका, आहे तिथेच हलकी टेकवून ठेवा. पाय जमिनीवर स्थिर झाला की लगेच काढा. झटकल्यावर काठी काढली, तर ‘झटकलं की सुटका’ हा धडा त्याला पहिल्याच दिवशी मिळतो आणि तो मोडायला महिना लागतो. काढण्याची वेळ नेमकी हवी, फार तर एका सेकंदात. उशिरा दिलेली सूट त्याला कशाबद्दल मिळाली हे कळत नाही.

डावं अंग झालं म्हणजे उजवं आपोआप होत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिकवाव्या लागतात. आपली सगळी कामं डावीकडून होतात, त्यामुळे उजवी बाजू कच्ची राहते. तिथून सुरुवात केली तर बरं.

पायरी २: दोर पायांवरून फिरवणं (३ ते ४ दिवस)

आता कामाचा दोर. पाठीवरून टाका, ओढून घ्या, पायांवरून घसरू द्या, पायाजवळ जमिनीवर सापासारखा हलवा. घोडा दोन पावलं सरकला तर सोबत सरका, दोर हलता ठेवा, आणि तो थांबल्याबरोबर दोरही थांबवा. शेवटी दोर पायाच्या मागून घालून पुढे-मागे हलका घासा, पाठ पुसायच्या पंचासारखा. सुरुवात ढोपरावरून करा, मग नळी (त्याखालचा घोट्यापर्यंतचा सरळ भाग), मग खुरावरचा निमुळता भाग.

तपासा: चारही पायांवर, दोन्ही अंगांनी, दोर घासताना बछेरा शांत उभा राहतो? मगच पुढे.

पायरी ३: पुढच्या पायाने चालवणं (५ ते ७ दिवस)

सगळ्या क्रमातली ही मुख्य पायरी. घाई इथेच होते आणि पुढची सगळी अडचण इथूनच येते.

१. दोर खुरावरच्या निमुळत्या भागाच्या मागून घाला आणि दोन्ही टोकं हातात धरा. गाठ नाही, फास नाही. एक टोक सोडलं की पाय मोकळा झाला पाहिजे.

२. समोरून थोडं बाजूला, दीड-दोन मीटरवर उभे राहा. अगदी समोर राहू नका. पुढचा पाय झटक्यात पुढे येतो.

३. दोरावर हलका ताण आणा, किलोभर साखरेची पिशवी हातात धरताना लागतो तेवढाच. आणून थांबा. वाढवू नका, झटके देऊ नका.

४. बछेरा काहीतरी करेल. मान फिरवेल, भार सरकवेल, पाय थोडा उचलेल. पायावरचा भार हलका झालेला दिसला की ताण सोडा. पाऊल पडायची वाट पाहू नका, पहिल्या दिवशी भार सरकला तरी पुरे.

५. हे तीन-चार वेळा झालं की पाऊल मागा. मग दोन. मग बाजूला आणि मागे. आठवड्याअखेरीस म्होरकीचा दोर सैल सोडून, नुसत्या पायाच्या दोराने पाच-सहा पावलं चालवता आली पाहिजेत आणि चालता-चालता हलक्या ताणाने थांबवताही आलं पाहिजे.

पायाने माती उकरायला किंवा दोरावर पाय आपटायला लागला तर तोच हलका ताण धरून ठेवा आणि पाय क्षणभर निवांत झाला की सोडा. फारच उसळला तर एक टोक सोडून द्या. दोर गेला तर गेला. ओढाओढीत तुम्ही जिंकणार नाही आणि जिंकलात तरी त्याला ‘दोर म्हणजे झुंज’ एवढंच कळेल.

नेहमीची चूक: घोडा लगेच येत नाही म्हणून ताण वाढवत जाणं. वाढत्या ताणाला घोडा उलट दिशेने जोर लावतो. तोच ताण, तेवढाच, आणि वाट. पहिल्यांदा एखादं मिनिट लागेल, पाचव्या वेळी दोन सेकंद.

पायरी ४: मागचे पाय (५ ते ७ दिवस)

कृती तीच, पण अंतर आणि उभं राहण्याची जागा बदलते. मागच्या पायात दोर घालायला वाकू नका. दोराचं मोठं वेटोळं जमिनीवर ठेवा, बछेऱ्याला त्यात पाऊल टाकू द्या आणि मग दोर अलगद वर घ्या. दोर सात मीटरचा सांगितला तो याचसाठी. मागच्या बाजूला तिरपे, पायापासून तीन मीटर तरी लांब उभे राहा. डोक्याशी असलेला माणूस त्याच अंगाला.

पहिल्या दोन दिवसांत लाथ येईलच. आलेल्या लाथेसोबत दोर जाऊ द्या, हलका ताण मात्र ठेवा. पाय खाली टेकला किंवा हवेत सैल लोंबला की सोडा. पाय जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटरपेक्षा वर उचलू नका आणि मागे ताणून धरू नका. उंच ताणलेल्या मागच्या पायाने तोल जातो, आणि जो घोडा तोल सांभाळायला धडपडतोय त्याला तुम्ही ‘खोडकर’ म्हणता.

तपासा: चारही पाय हलक्या ताणाला दोन सेकंदांच्या आत सैल होतात? तीन दिवस सलग? मगच पायबंदाला हात लावा.

एक पुढचा पाय दुमडून पट्ट्याने वर बांधायची पद्धतही आहे. या क्रमात ती मुद्दाम घेतलेली नाही. तीन पायांवरचा घाबरलेला बछेरा हमखास पडतो, आणि वरच्या दोन पायऱ्या नीट झाल्या तर तिची गरज उरत नाही.

पायरी ५: पायबंद

पहिला आणि दुसरा दिवस. एकेरी कडं, जोडपट्टा काढून, आधी एका पुढच्या पायात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायात. पाच-सात मिनिटं चालवा, दोन-चार पावलं दुडकी घ्या. कड्याच्या स्पर्शाने पाय उंच उचलेल, थोड्या वेळात विसरेल.

कडं बसवायची जागा म्हणजे खुराच्या वर आणि घोट्याच्या खाली, त्या खोलगट भागात. घोट्याच्या वर, नळीवर बांधू नका. नळीच्या मागे दोरीसारखी हाताला लागणारी टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) तिथे कातडीखाली उघडीच असते. कडं आणि कातडी यांत एक बोट सहज जावं. दोन बोटं जात असतील तर सैल आहे. ते फिरेल, घासेल आणि घोट्यावर चढेल.

तिसरा दिवस. बछेरा चारही पाय सरळ ठेवून उभा असताना, खांद्याच्या बाजूला उकिडवे बसा. गुडघा टेकून बसू नका आणि डोकं त्याच्या गुडघ्यासमोर आणू नका. आधी पलीकडच्या पायात कडं, मग अलीकडच्या. म्हणजे शेवटचं आणि सोडायचं पहिलं बक्कल तुमच्या हाताशी राहतं.

बांधून झाल्यावर काहीच मागू नका. मिनिटभर मान खाजवा, सोडा. दोन मिनिटांनी पुन्हा बांधा. या वेळी बाजूला दीड मीटरवर उभे राहा, म्होरकीचा दोर सैल पण हातात, कुठेही बांधलेला नाही. आपण होऊन हलायचा प्रयत्न त्यालाच करू द्या. पाय अडेल, तो थांबेल, विचार करेल, छोटं पाऊल टाकून बघेल. मागच्या पायऱ्यांची मेहनत इथे दिसते.

एक-दोन उड्या मारल्या तर चालतं. त्या वेळी म्होरकी ओढू नका. ओढली की मान वर जाते, भार मागच्या पायांवर जातो आणि बांधलेल्या पुढच्या पायांनी घोडा उलटा पडू शकतो. दोर सैल ठेवून त्याच्यासोबत सरका, ओळखीच्या आवाजात बोला. स्थिर झाला की दहा सेकंद थांबून सोडा. चार-पाच उड्यांच्या वर गेलं तर पायबंद आजच्यापुरता बंद आणि पुढचे चार दिवस पुन्हा पायरी ३.

सोडतानाही रीत आहे. डोकं हातात, बक्कल उघडा, कडं काढा, घोडा दहा सेकंद तिथेच उभा, मग हलवा. पुठ्ठ्यावर थाप मारून हाकलू नका. बक्कल वाजलं की उधळायचं, हे तो दोन दिवसांत शिकतो आणि तिसऱ्या दिवशी एक कडं पायात असतानाच उधळतो.

वेळ वाढवणं. पहिले तीन दिवस एक ते तीन मिनिटं. मग पाच, दहा, पंधरा. दोन आठवड्यांनी समोर गवत टाकून अर्धा तास. त्यानंतर सपाट कुरणात, माणूस नजरेच्या टप्प्यात असताना, तास-दीड तास. प्रत्येक वेळी सोडल्यावर कड्याच्या जागेवरून उलटा हात फिरवा. गरम लागलं, केस उलटे बसलेले दिसले किंवा कातडी ओलसर वाटली तर दोन दिवस सुट्टी द्या.

पायबंद कधीच घालू नका: विहीर, कालवा, नाला किंवा उतार जवळ असताना. मोकळ्या घोड्यांत सोडताना, कारण लाथ चुकवायला पाय मोकळे लागतात. रात्री. गाडीतून नेताना. आणि एका बाजूचा पुढचा-मागचा पाय जोडून किंवा दोन घोडे एकमेकांना जोडून तर मुळीच नाही.

पायबंद म्हणजे कुंपण, असंही समजू नका. सरावलेला घोडा दोन्ही पुढचे पाय एकत्र उचलून चांगला पळतो.

पायरी ६: अगाडी-पिछाडी

अगाडी म्हणजे म्होरकीपासून पुढे बांधलेला दोर, पिछाडी म्हणजे मागच्या पायांपासून मागच्या मेखेला बांधलेला दोर. बाजारात किंवा यात्रेत घोडे दावणीला अगाडी-पिछाडीने बांधतात, म्हणून हे शिकवावं लागतं. घरच्या तबेल्यात पिछाडीची गरज सहसा नसते.

पहिले तीन दिवस मेख नाही. अगाडी बांधा, मागच्या एका पायात कडं घाला आणि त्याचा दोर माणसाने हातात धरा. बछेरा पुढे सरकला की हलका ताण, तो थांबला की सैल. मग दुसरा पाय, मग दोन्ही. हे जमल्यावर मेख.

मेख साधारण दीड-दोन फुटी, दोन तृतीयांश जमिनीत, घोड्यापासून उलट दिशेला कललेली. जागा मागच्या खुरांपासून दोन ते अडीच मीटर मागे. दोर एवढा की घोडा सरळ उभा असताना मधला भाग जमिनीला जेमतेम टेकावा. घोड्याला अर्धं पाऊल पुढे टाकता यावं, एक मागचा पाय मोडून विसावता यावा आणि अगाडीच्या दोरासकट खाली बसता यावं.

इथेच सगळ्यात जास्त चुकतं. घोडा रुबाबदार दिसावा म्हणून मागचे पाय मागे खेचून पिछाडी ताणतात. तसा घोडा भार बदलू शकत नाही, आडवा होऊ शकत नाही. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवं व्हावंच लागतं. चार-पाच दिवसांच्या यात्रेत ताणून बांधलेला बछेरा तिसऱ्या दिवशी चिडचिडा होतो, त्याचं कारण गर्दीइतकंच हेही असतं. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार अवाजवी आखूड किंवा जड दोर-साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हाही आहे.

क्रम पाठ करा: बांधताना आधी अगाडी, मग पिछाडी. सोडताना आधी पिछाडी, मग अगाडी. उलट केलं तर डोकं मोकळं आणि मागचे पाय बांधलेले अशा स्थितीत घोडा वळतो आणि स्वतःच्याच दोरात गुंततो.

पडला किंवा गुंतला तर

१. पायांच्या बाजूने जाऊ नका. पाठीच्या बाजूने डोक्याकडे जा.

२. एकाने मान हलक्या हाताने जमिनीवर धरून ठेवावी. मान उचलल्याशिवाय घोडा उठू शकत नाही. वरचा डोळा कापडाने किंवा तळहाताने झाका.

३. दुसऱ्याने पाठीच्या बाजूनेच हात घालून सुरगाठ किंवा बक्कल सोडावं. नाही सुटलं तर कापा. दोर नवा घेता येतो.

४. सुटल्यावर दोघेही मागे व्हा, घोड्याला आपण होऊन उठू द्या. लगेच पुन्हा बांधू नका. दोन मिनिटं चालवा, त्याला येणारं सोपं काहीतरी करून घ्या आणि तिथे थांबा.

दोराने कातडी सोलली असेल तर स्वच्छ पाण्याच्या धारेने दहा-पंधरा मिनिटं धुवा. पाणी थंड असलेलं बरं, सूज कमी राहते. जळकं ऑइल, चुना, राख, तंबाखू यांपैकी काहीही लावू नका. जखम पूर्ण भरेपर्यंत त्या पायाला कडं नको, आणि भरल्यावरही सुरुवात पायरी २ पासून. जखम कातडीच्या पार गेली असेल, नळीमागे सूज आली असेल किंवा घोडा पाय टेकवत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी झाली ते आल्याआल्या सांगा.